नूतनीकरण केलेल्या काळ्या टेलिफोनचा काळ कसा ठरवावा?

प्रश्न : चाटी गल्ली (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

जुने टेलिफोन जमवणाऱ्या आणि त्यांची दुरुस्ती जाणणाऱ्या मंडळींना एक सविस्तर प्रश्न विचारायचा आहे. सोलापुरातील जुन्या सामानाच्या एका व्यापाऱ्याकडून मी नुकताच एक काळा, चकतीचा टेलिफोन विकत घेतला. तो शहरातील एका बंद पडलेल्या गिरणीच्या कचेरीतून निघाला आणि १९३५ सालचा अस्सल विलायती आहे, असे व्यापाऱ्याने सांगितले. लेखी पुरावा काही दिला नाही. ‘पूर्ण नूतनीकरण करून दिला आहे’ हेही त्याने अभिमानाने सांगितले, आणि माझी खरी अडचण या नूतनीकरणातूनच सुरू होते.

संचाचे वर्णन असे आहे. सांगाडा बेकेलाइटचा (जुन्या काळच्या कडक प्लास्टिकचा) दिसतो, त्याच्या बाजू उतरत्या आहेत आणि रिसीव्हर आडवा ठेवण्याची बैठक सांगाड्यातूनच घडवलेली आहे. पुढच्या बाजूला तळाशी एक छोटा सरकता कप्पा आहे, त्यात क्रमांकांची यादी ठेवता येते. घंटी आतच आहे. हँडसेटच्या मुठीच्या आतल्या अंगावर १६४ हा आकडा आणि त्याच्याजवळ ४९ असे उठावदार ठसे आहेत. खालच्या पत्र्यावर पुसट शाईने एफ. डब्ल्यू. आर. ही तीन रोमन अक्षरे आणि ६१ हा आकडा उमटलेला आहे. बोलायच्या बाजूची झाकणी फिरवून काढली तेव्हा आतल्या कॅप्सूलवर (आवाज टिपणाऱ्या गोल डबीवर) १३ आणि ५८ हे आकडे दिसले. डायलवर फक्त अंक आहेत, अक्षरे नाहीत. डायलच्या मधोमध पारदर्शक तबकडीखाली कागदाची गोल चिठ्ठी आहे आणि तिच्यावर शाईने ३७ एवढेच लिहिले आहे. हँडसेटची वायर गुंडाळीची, प्लास्टिकची आणि नवी कोरी आहे. तळाच्या स्क्रूंपैकी दोन सरळ खाचेचे आहेत, दोन फुलीच्या खाचेचे. सांगाड्याला आरशासारखी चकाकी आहे.

१९३५, १९४९, १९५८ आणि १९६१ यांपैकी कोणते साल धरावे, हे मला कळत नाही. माझ्या संग्रहातील प्रत्येक वस्तूसोबत मी एक माहितीपत्र ठेवतो, आणि त्यावर खोटे साल लिहिण्यापेक्षा साल न लिहिलेले बरे असे माझे मत आहे. तरीही एवढे ठसे समोर असताना काहीच निष्कर्ष निघू नये, हेही मनाला पटत नाही. यातले मूळचे काय, बदललेले काय आणि कोणी बदललेले, हे कसे ओळखावे? आणि बदललेले भाग काढून त्या काळाचे भाग शोधून बसवावेत का?

उत्तर : डायल मेकॅनिक

नमस्कार. टेलिफोन खात्याच्या दुरुस्ती विभागात माझी उमेदीची वर्षे गेली आणि असे संच मी हाताळलेले आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आपण ठसे नीट वाचून लिहिलेत हे फार चांगले केले, कारण बहुतेक जण नुसते छायाचित्र दाखवून साल विचारतात.

पहिल्यांदा १९३५ बाजूला ठेवू. आपण वर्णन केलेला संच ब्रिटिश पोस्ट खात्याच्या ३३२ या नमुन्याचा आहे आणि हा नमुना १९३७ मध्ये वापरात आला. त्याचे रूप नॉर्वेचे चित्रकार जाँ हायबर्ग यांनी स्वीडनच्या एरिक्सन कंपनीसाठी १९३० च्या आसपास घडवलेल्या टेलिफोनवरून आले. त्याआधीचा ब्रिटिश बेकेलाइट संच म्हणजे १९२९ चा १६२ आणि त्यात सुधारणा करून १९३४ मध्ये आलेला २३२. हे दोन्ही पिरॅमिडच्या आकाराचे असत, त्यांच्यात घंटी नसे आणि ती वेगळ्या पेटीत भिंतीवर किंवा संचाखाली बसवावी लागे. घंटी आत असणे आणि बैठक सांगाड्यातच घडवलेली असणे, एवढ्या दोन गोष्टींवरून आपला संच १९३५ चा नाही हे कोणताही ठसा न वाचता सांगता येते. आधी घडणीवरून नमुना ओळखावा, ठशांकडे त्यानंतर वळावे. या क्रमाने गेले की विक्रेत्याच्या सांगण्यातील अर्ध्या गोष्टी आपोआप गळून पडतात.

आता ठसे पाहू. १६४ हा हँडसेटच्या नमुन्याचा क्रमांक आहे. तो साल नाही, आणि संपूर्ण टेलिफोनचा क्रमांकही नाही. हाच हँडसेट १६२, २३२ आणि ३३२ या सर्वांना बसत असे, त्यामुळे त्यावरून संचाचा नमुना ठरवता येत नाही. शेजारचे ४९ मात्र साल आहे, म्हणजे हा हँडसेट १९४९ मध्ये तयार झाला. कॅप्सूलवरचे १३ हेही नमुन्याचेच नाव आहे आणि ५८ हे साल. तळाच्या पत्र्यावरील तीन अक्षरांतील शेवटचा आर सर्वांत महत्त्वाचा, कारण तो नूतनीकरणाचा आहे. नव्या संचावर कारखानदाराची अक्षरे आणि साल असे. जुना संच खात्याच्या स्वतःच्या कारखान्यात परत जाऊन उघडला, साफ केला, झिजलेले भाग बदलले आणि तपासून पुन्हा वापरासाठी पाठवला, की त्या कारखान्याची अक्षरे, आर आणि नूतनीकरणाचे साल असा शिक्का मारला जाई. तेव्हा १९६१ हे जन्माचे साल धरू नये, ते पुनर्जन्माचे आहे.

टेलिफोन त्या काळी ग्राहकाच्या मालकीचा नसे, ही गोष्ट संग्राहकांनी विसरू नये. ब्रिटनमध्ये तो पोस्ट खात्याचा होता आणि आपल्याकडे डाक-तार खात्याचा. ग्राहकाने जोडणी सोडली की संच परत येई, दुरुस्ती होई आणि दुसऱ्याच्या घरी जाई. दुरुस्तीच्या टेबलावर दहा संच एकदम उघडलेले असत आणि ज्याचा हँडसेट चांगला तो ज्याचा सांगाडा चांगला त्याला लागे. कोणता भाग मुळात कोणाचा होता, याचा हिशेब कोणी ठेवत नसे आणि ठेवण्याचे कारणही नव्हते. म्हणून १९४९ चा हँडसेट आणि १९५८ ची कॅप्सूल एकत्र दिसली म्हणजे कोणी फसवणूक केली असे मानू नये. १९६१ मध्ये कारखान्यातून बाहेर पडलेला संच असाच असायला हवा.

यातून एक नियम निघतो. संचातील सर्वांत जुना भाग संचाचे साल सांगत नाही. मूळ कारखान्यात किंवा खात्याच्या नूतनीकरणात बसवलेल्या भागांपैकी जो सर्वांत अलीकडचा, त्याच्याआधी तो संच आज दिसतो त्या रूपात असू शकत नाही. विक्रेते नेमके उलटे करतात, सर्वांत लहान आकडा शोधतात आणि तोच सांगतात.

डायलचा प्रश्न वेगळा आहे. डायल सोडवून मागची बाजू पाहिलीत का? केवळ अंक असलेली डायल म्हणजे भारतीय डायल, असा निष्कर्ष घाईने काढू नका. ब्रिटनमध्ये लंडन, बर्मिंगहॅम, मँचेस्टर अशा मोठ्या शहरांच्या डायलवर अक्षरे असत, पण इतर अनेक गावांत बराच काळ केवळ अंकांच्या डायल होत्या. मागे आय. टी. आय. असे असेल तर ती बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजची, म्हणजे १९४८ नंतरचीच. हा कारखाना लिव्हरपूलच्या ऑटोमॅटिक टेलिफोन अँड इलेक्ट्रिक कंपनीच्या सहकार्याने उभा राहिला, सुरुवातीला सुटे भाग तिकडून आणून इथे जुळणी होत असे, आणि धाटणीही ब्रिटिशच राहिली. त्यामुळे आपल्याकडच्या मेकॅनिकला विलायती संचाला बंगळुरी डायल लावताना फार खटपट करावी लागत नसे. उलटही लक्षात ठेवा. सुरुवातीच्या आय. टी. आय. संचाच्या आत एखाद्या भागावर इंग्लिश कंपनीचे नाव दिसले तर तो भाग नंतर बदलला असे लगेच मानू नये.

डायल काढाल तेव्हा तिच्याकडे जाणाऱ्या तारांचे आवरण पाहा. संचातील बाकीच्या तारा सुती किंवा रेशमी विणीच्या आणि डायलच्याच तेवढ्या प्लास्टिकच्या असतील, तर डायल स्वतंत्रपणे आणि नंतर बदलली गेली.

उत्तर : रसायन (जुळे सोलापूर)

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो आणि बेकेलाइटच्या वस्तू जमवतो, त्यामुळे आपण लिहिलेल्या आरशासारख्या चकाकीबद्दल बोलणे मला आवश्यक वाटते.

बेकेलाइट लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून तयार केले. टेलिफोनच्या सांगाड्यात निव्वळ राळ नसते. त्यात लाकडाचा बारीक भुसा भरण म्हणून मिसळलेला असतो, आणि उष्णता व दाब देऊन साच्यात घडवताना वरच्या पृष्ठावर राळेचा पातळ, गुळगुळीत थर येतो. संचाचे सौंदर्य आणि आयुष्य या थरात आहे. अनेक वर्षांच्या उजेडाने तो थर काळ्याचा करडा-तपकिरी होतो आणि विकणाऱ्याला तो खपत नाही, म्हणून फिरत्या कापडी चाकावर धरून तो घासला जातो. थोडे घासले तर जुनी चमक परत येते. जास्त घासले की भुसा उघडा पडतो, मग कितीही पॉलिश लावले तरी काही महिन्यांत पृष्ठभाग पुन्हा निस्तेज होतो, आणि हे नुकसान भरून काढण्याचा कोणताही उपाय नाही.

आपल्या संचावर काय झाले आहे ते कडांवरून कळेल. मूळ साच्यातून निघालेल्या सांगाड्याच्या कडा रेखीव असतात आणि आतल्या बाजूची कारखानदाराची अक्षरे ठळक असतात. चाकावर घासलेल्या संचाच्या कडा गोलसर होतात. आतला रंग आणि बाहेरचा रंग यांचीही तुलना करा. आत गर्द काळा आणि बाहेर किंचित तपकिरी झाक असेल तर पृष्ठभाग जुनाच आहे. बाहेर एकसारखा काळा आणि आत कडेकडेने रंगाचे बारीक शिंतोडे असतील तर संच चक्क रंगवलेला आहे, आणि त्या रंगाखाली बहुतेक वेळा चिकटवलेली चीर असते.

बेकेलाइट ओळखण्यासाठी तापलेली सुई टोचण्याचा उपाय काही जण सुचवतात. तो कृपया करू नये, कारण कायमचा डाग राहतो. अंगठ्याने सांगाड्याची आतली बाजू गरम होईपर्यंत चोळा आणि लगेच वास घ्या. फिनॉलचा, दवाखान्यासारखा उग्र वास आला तर बेकेलाइट आहे. काळे रंगवलेले साधे प्लास्टिक असा वास देत नाही आणि ते हाताला हलके लागते.

आणखी एक सावधगिरी मनापासून सांगतो. काही प्रकारच्या जुन्या बेकेलाइटमध्ये, विशेषतः उष्णतेला टिकावे म्हणून बनवलेल्यांत, ॲस्बेस्टॉसचे भरण असे. वरून पाहून ते कळत नाही. म्हणून कोणताही जुना सांगाडा कोरड्या पॉलिश कागदाने घासून धूळ उडवू नये. ओलसर मऊ कापड, अगदी थोडा साबण, लगेच कोरडे पुसणे आणि शेवटी मेणाचा पातळ हात, एवढे पुरे आहे. पाण्यात बुडवू नये, कारण उघडा पडलेला भुसा पाणी पितो आणि फुगतो. धुतल्यावर वाळवण्यासाठी आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर तर मुळीच ठेवू नये. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि काळी वस्तू हवेपेक्षाही अधिक तापते. जुनी चीर अशा वेळी वाढते, चिकटवलेला सांधा सुटतो, आणि उजेडाने होणारे नुकसान वेगळेच.

एका उपप्रश्नाचे उत्तर आपण विचारले नसले तरी देतो, कारण पुढे उपयोगी पडेल. लाल, हिरवे आणि हस्तिदंती रंगाचे ब्रिटिश संच काळ्या संचांसारख्या बेकेलाइटचे नसून बहुधा डायाकॉन या ॲक्रिलिकचे असतात, तर नंतरच्या ७०० मालिकेतील पुष्कळसे संच ए. बी. एस. प्लास्टिकचे आहेत. ३३२ ची जागा घेणारा ७०६ हा संच १९५९ चा आणि ७४६ हा १९६७ चा. या रंगीत संचांना बेकेलाइटचे पॉलिश लावू नये.

उत्तर : कंट्रोल फोन (रेल्वे लाइन्स)

डायल मेकॅनिक यांनी सांगितलेला नियम रेल्वेच्या टेलिफोनलाही लागू पडतो, आणि सोलापुरात जुन्या बाजारात येणाऱ्या संचांत रेल्वेचे संच बरेच असतात, म्हणून भर घालतो.

रेल्वेच्या संचावर मालकीची अक्षरे रंगाने लिहिलेली, कोरलेली किंवा पत्र्याच्या पट्टीवर असतात. जी. आय. पी. ही अक्षरे दिसली तर संच ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या काळात वापरात होता, म्हणजे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे स्थापन होण्याआधी. त्यानंतर मध्य रेल्वेची अक्षरे. पण आपल्या विभागाची एक खास खूण आहे, ती बाहेरच्या संग्राहकांना ठाऊक नसते. २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली तेव्हा सोलापूर विभाग तिच्यात गेला आणि २ ऑक्टोबर १९७७ रोजी परत मध्य रेल्वेत आला. सोलापूर विभागातल्या एखाद्या स्थानकाच्या नावासोबत दक्षिण मध्य रेल्वेची अक्षरे संचावर असतील, तर ती अक्षरे या अकरा वर्षांतच लिहिली गेली असणार. एवढा नेमका कालखंड कारखान्याचा ठसाही पुष्कळदा देत नाही.

मात्र हा काळ अक्षरे लिहिल्याचा आहे, संच बनल्याचा नाही. एकाच संचावर जी. आय. पी.ची कोरीव अक्षरे आणि त्यावर नंतरच्या रेल्वेची रंगवलेली अक्षरे असे दोन थर सापडणे अगदी शक्य आहे, आणि असा संच मिळाला तर तो घासून साफ करणे म्हणजे त्याचा दाखला फाडून टाकणे होय. दुर्दैवाने विक्रीसाठी चमकवताना पहिल्यांदा जातात ती हीच अक्षरे.

बाजूला फिरवायचा दांडा असलेले संच पाहून अनेकांना ते शंभर वर्षांपूर्वीचे वाटतात. दांडा हे काळाचे लक्षण नव्हे, ते पद्धतीचे लक्षण आहे. दांडा फिरवला की आतला मॅग्नेटो वीज निर्माण करतो आणि पलीकडची घंटी वाजते, आणि बोलण्यापुरती वीज संचाजवळच्या कोरड्या बॅटरीतून मिळते. लहान गावांत, स्थानकांवर आणि फाटकांवर ही पद्धत शहरांत डायल आल्यानंतरही कितीतरी वर्षे चालू होती. त्यामुळे दांड्याचा संच डायलच्या संचापेक्षा वयाने लहानही असू शकतो.

पितळी मेणबत्तीदाणीच्या आकाराचे किंवा नक्षीदार पितळी बैठकीचे टेलिफोन ‘संस्थानी’ म्हणून विकले जातात, त्यांपासून दूर राहावे. मुरादाबादसारख्या ठिकाणी शोभेची वस्तू म्हणून ते आजही बनतात. डायलची भोके असूनही आत दाबायची बटणे असणे, तळाशी वजनासाठी लोखंडाचा तुकडा घातलेला असणे, आणि कुठल्याही भागावर कारखानदाराचा ठसा नसणे, या खुणांवरून ते ओळखता येतात.

प्रश्नकर्ता : चाटी गल्ली

आपणा सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे संच उघडून पाहिला. डायलच्या मागे आय. टी. आय. असा स्पष्ट ठसा आहे. डायलकडे जाणाऱ्या तारा प्लास्टिकच्या आवरणाच्या आहेत आणि बाकीच्या सर्व सुती विणीच्या. पत्र्याच्या डब्यातील कंडेन्सरवर ४८ हा आकडा आहे. सांगाड्याच्या मागच्या कडा रेखीव आहेत, पण पुढच्या कडा आणि कप्प्याच्या वरची कड गोलसर झाली आहे. आत रंगाचे शिंतोडे नाहीत, अंगठ्याने चोळल्यावर फिनॉलचा वासही आला. फुलीच्या खाचेचे दोन्ही स्क्रू नवे आणि चकचकीत आहेत.

चिठ्ठीवरच्या ३७ या आकड्याचा उलगडा मात्र होत नाही. शहराचा टेलिफोन क्रमांक दोन आकडी असेल तर संच फारच जुन्या काळी इथे वापरात असावा, असे व्यापारी म्हणतो. याशिवाय मुंबईतील एका परिचित संग्राहकाने आय. टी. आय. डायल काढून टाकून ब्रिटिश डायल बसवण्याचा आग्रह धरला आहे, म्हणजे संच ‘शुद्ध’ होईल आणि त्याची किंमतही वाढेल. आपले मत काय?

उत्तर : डायल मेकॅनिक

आपल्या निरीक्षणांवरून आता चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होते. कंडेन्सर ४८ चा आणि हँडसेट ४९ चा, म्हणजे संच मुळात १९४९ च्या सुमारास जुळला असण्याची शक्यता चांगली आहे, कारण दोन स्वतंत्र भाग लागोपाठच्या सालांचे आहेत. तरीही माहितीपत्रावर याला शक्यताच म्हणावे. १९६१ मध्ये ब्रिटिश पोस्ट खात्याच्या कारखान्यात नूतनीकरण झाले, हे शिक्क्यावरून निश्चित म्हणता येईल, आणि ५८ ची कॅप्सूल तेव्हाचीच असावी. संच भारतात आला तो त्यानंतर, आणि आय. टी. आय. डायल इथे, स्वतंत्रपणे बसवली गेली. नवी वायर, फुलीचे स्क्रू आणि पुढची घासणी ही अगदी अलीकडची, विक्रीसाठी केलेली डागडुजी आहे.

मेकॅनिक या नात्याने मला यातली शेवटची डागडुजी सर्वांत कमी महत्त्वाची वाटते. खात्याच्या कारखान्याने केलेल्या कामाला शिस्त होती, तपासणी होती आणि शिक्का होता. डायल बदलणाऱ्या इथल्या माणसानेही संच चालावा म्हणून काम केले. केवळ चमक आणण्यासाठी केलेल्या कामाला या दोघांच्या पंक्तीला बसवू नये, आणि माहितीपत्रावरही ते वेगळ्या ओळीत लिहावे.

३७ बद्दल मला असे वाटते की तो शहराच्या एक्सचेंजचा क्रमांक नसावा. मोठ्या गिरण्यांत स्वतःचे अंतर्गत एक्सचेंज असे आणि कचेरी, गोदाम, सूतखाते, विणखाते यांना दोन आकडी क्रमांक दिलेले असत. १९६१ नंतरच्या संचावर दोन आकडी चिठ्ठी असेल तर अंतर्गत जोडणीचा विचार आधी करावा. अंतर्गत एक्सचेंजवरचे संच संस्था स्वतःही विकत घेऊ शकत असे, त्यामुळे खात्याच्या पुरवठ्यात सहसा न दिसणारा विलायती संच तिथे आढळणे अशक्य नाही. गिरणीची गोष्ट यामुळे संभाव्य ठरते, सिद्ध होत नाही, कारण चिठ्ठी हा कागद आहे आणि कागद कोणीही, केव्हाही घालू शकतो. त्या गिरणीतील कचेरीत काम केलेली माणसे सोलापुरात आजही भेटतील. त्यांना ३७ कोणाच्या टेबलावर होता हे विचारावे. गिरणीच्या जुन्या पत्रव्यवहाराच्या कागदावर बाहेरचे टेलिफोन क्रमांक छापलेले असतात, तेही पाहावेत. चिठ्ठी काढू नका, तिच्यावर पाणी किंवा पॉलिश जाऊ देऊ नका आणि तिचे जवळून छायाचित्र आताच घेऊन ठेवा, कारण जुनी शाई उडते.

डायल बदलण्याच्या सल्ल्याशी मी मुळीच सहमत नाही. ब्रिटिश डायल आणून बसवली तर ब्रिटनमध्ये हजारो सापडतील असा एक ३३२ आपल्याजवळ तयार होईल, आणि तोही आपण जुळवलेला. आज आपल्याजवळ ब्रिटनमध्ये बनलेला, तिथेच पुन्हा घडलेला आणि भारतात बंगळूरच्या डायलसह चाललेला संच आहे. हा शेवटचा भाग काढला तर भारतात त्याने काम केल्याचा त्याच्या अंगावरचा ठोस पुरावाच आपण काढून टाकू. फुलीचे स्क्रू बदलून सरळ खाचेचे लावायला हरकत नाही, पण जुन्या ब्रिटिश संचांत बी. ए. (ब्रिटिश असोसिएशन) मापाच्या आट्याचे स्क्रू असतात. मेट्रिक स्क्रू जोराने पिळला तर आतले आटे कायमचे बिघडतात, म्हणून आधी मूळ स्क्रू सोबत नेऊन आटे जुळवा. काढलेले नवे स्क्रूही छोट्या पाकिटात संचासोबतच ठेवा.

उत्तर : कंट्रोल फोन

डायलबाबत डायल मेकॅनिक यांच्याशी पूर्ण सहमत. एक सूचना तेवढी करतो. ‘साल’ असा एकच रकाना माहितीपत्रावर असतो, म्हणून हा घोळ होतो. त्याऐवजी नमुना, भागांवरील साले, नूतनीकरणाचा शिक्का, मालकीच्या खुणा आणि अलीकडील डागडुजी असे वेगळे रकाने करावेत, आणि प्रत्यक्ष वाचलेले काय व त्यावरून काढलेला तर्क कोणता, हे वेगवेगळ्या शाईने लिहावे. उद्या दुसऱ्या कोणाला नवी माहिती मिळाली तर त्याला आपला तर्क खोडता येईल, आपले वाचन मात्र कायम राहील.

प्रश्नकर्ता : चाटी गल्ली

माहितीपत्राचा मजकूर असा करत आहे : ‘ब्रिटिश ३३२ नमुना, घंटी आत, काळे बेकेलाइट. कंडेन्सर १९४८, हँडसेट १९४९, कॅप्सूल १९५८. ब्रिटिश पोस्ट खात्याचे नूतनीकरण १९६१. आय. टी. आय. डायल, भारतात नंतर बसवलेली, साल अज्ञात. डायलवरील चिठ्ठी ३७, बहुधा अंतर्गत एक्सचेंजची. सोलापूरच्या गिरणीतून आल्याचे विक्रेत्याचे कथन, अद्याप पडताळलेले नाही. सांगाड्याची पुढची बाजू, हँडसेटची वायर व दोन स्क्रू अलीकडील.’

डायल तशीच ठेवत आहे. गिरणीच्या कचेरीतील दोन जुन्या कर्मचाऱ्यांचा पत्ता लागला आहे, त्यांच्याकडे चिठ्ठीचे छायाचित्र घेऊन जाणार आहे. आता शेवटचे एक विचारतो : हा संच घरच्या लाइनवर लावून चालवून पाहता येईल का?

उत्तर : डायल मेकॅनिक

आधी डायल तपासा. शून्य फिरवून सोडल्यावर ती एकसारख्या वेगाने, एक सेकंदाहून किंचित अधिक वेळात जागेवर यायला हवी, कारण शून्य म्हणजे दहा ठोके आणि वेग सेकंदाला दहा ठोक्यांचा ठरलेला आहे. अडखळत किंवा रेंगाळत येत असेल तर मागच्या गव्हर्नरमध्ये (डायलचा वेग एकसारखा ठेवणाऱ्या भागात) जुने तेल घट्ट झालेले असते. त्यावर स्वयंपाकघरातले किंवा शिलाई मशीनचे तेल ओतू नका. जुने तेल स्वच्छ करून घड्याळजीकडील तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब द्यावा.

तांब्याच्या जुन्या लाइनवर असा संच वाजतो आणि बोलताही येते. फायबरच्या पेटीला जोडला तर ऐकू येईल, घंटीही बहुधा वाजेल, पण पुष्कळ पेट्या डायलचे ठोके समजत नाहीत, त्यामुळे बाहेर फोन लावता येणार नाही. त्यासाठी ठोक्यांचे टोनमध्ये रूपांतर करणारे छोटे यंत्र मध्ये बसवावे लागते. ते संचाच्या आत न बसवता बाहेर वायरवर जोडावे, म्हणजे आतल्या एकाही तारेला हात लावावा लागणार नाही. लाइन जोडलेली असताना सांगाडा उघडू नये. एरवी लाइनवर ४८ व्होल्टच्या आसपास वीज असते, पण घंटी वाजते त्या क्षणी ती बरीच जास्त असते आणि चांगलाच झटका बसतो. सुती आवरणाच्या तारा कुठे उघड्या पडल्या आहेत का ते जोडण्यापूर्वी भिंगाने पाहून घ्या, आणि तशी एखादी आढळली तर संच न चालवता तसाच राहू द्या.